पहिली बैठक परगावात

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं आणि मी जुन्या अकरावीत होते. संगमनेरजवळच्या आमच्या गावाचे सरपंच म्हणजे माझे वडील, आबा. ग्रामपंचायतीला सल्ला द्यायला म्हणून त्यांनी आम्हा शाळकरी पोरांचं युवक सल्लागार मंडळ काढलं होतं. मी अध्यक्ष, कारण मी सरपंचांची मुलगी. माझ्या वर्गातली कमल आणि तीन मुलगे सदस्य. उद्घाटनाला हार, पेढे, फोटो सगळं झालं. पुढे बैठक काही झाली नाही. घोडेगावजवळच्या एका गावात असंच मंडळ जोरात चाललंय, असं आबांच्या कानावर आलं आणि त्यांनी ठरवलं, पोरांना घेऊन बघून यायचं.

सकाळच्या एसटीनं निघालो. लोणीवरून कोल्हारपर्यंत रस्ता बरा होता, नंतर धूळ. आता त्या वाटेनं जाल तर हिरवा ऊस दिसेल. तेव्हा बांधावरची बाभळसुद्धा ओरबाडलेली होती. कोल्हारला प्रवरेच्या वाळूत खड्डे खणून बायका वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. नगरला गाडी बदलली. स्टँडवरच शिदोऱ्या सोडल्या. रेशनवर मिळणाऱ्या मिलोची, म्हणजे परदेशी लाल ज्वारीची भाकरी, वर ठेचा. ती भाकरी गार झाली की चामड्यासारखी व्हायची, पण गप्पांच्या नादात आम्ही संपवली. कमलच्या आईनं सगळ्यांसाठी भाजलेले शेंगदाणे दिले होते.

घोडेगावात बाजार भरला होता. एवढी जनावरं मी कधी पाहिली नव्हती, आणि इतकी शांतही. बरगड्या निघालेले बैल मान खाली घालून उभे होते. आबा एका खोंडाच्या पाठीवरून हात फिरवत बराच वेळ थांबले. तिथून पुढे बैलगाडीनं त्या गावी पोचलो.

शाळेच्या वर्गात आमचं स्वागत झालं. तिथले सरपंच म्हातारे, सगळे त्यांना तात्या म्हणत. ते मागच्या बाकावर बसले आणि बोलायचं काम पोरांवर सोडलं. निवृत्ती नावाच्या मुलानं सांगितलं की टँकर आधी फक्त वेशीत थांबायचा. मंडळानं प्रत्येक आळीत जाऊन विचारलं, पंचायतीशी भांडण काढलं, आणि आता तो तीन ठिकाणी थांबतो.

मग माझी पाळी आली. आबांनी पाठ करून घेतलेलं भाषण मी म्हटलं. आमचं मंडळ, आमचं सहकार्य, आमचा आदर्श. निवृत्तीनं साधाच प्रश्न विचारला, की तुमच्याकडं टँकर कुठं थांबतो आणि ते कुणी ठरवलं. चावडीपुढं, एवढं मी म्हणाले आणि आबांकडं पाहिलं.

“मंडळाच्या सल्ल्यानंच ठरलं,” आबा म्हणाले.

कमल उठली. तिचं घर बौद्धवाड्यात, गावाच्या पार खालच्या टोकाला.

“न्हाई,” ती म्हणाली. “आमाला कुणी इचारलंच न्हाई. चावडीपासनं आमचा वाडा लांब हाय. आमच्या बाया येईपतुर टाकी रिकामी हुती. मी बैठकीत सांगनार हुते, पन बैठकच झाली न्हाई.”

माझे कान तापले. मान वर करवेना. तिथल्या मंडळातल्या मुलींच्या नजरा आपल्यावरच आहेत असं वाटत होतं. तात्या मात्र रागावले नाहीत, हसलेही नाहीत.

“मग आज घ्या की बैठक,” ते म्हणाले. “आमी भाईर बसतो. चला, सरपंच.”

आबा उठून त्यांच्यामागून बाहेर गेले, तिथली पोरंही गेली. दार ओढून घेतल्यावर वर्गात आम्ही पाचजणच उरलो. अशी आमची पहिली बैठक परक्या गावात झाली. सगळं कमलनंच मांडलं. मुलग्यांनी शंका काढल्या, ती उत्तरं देत गेली. टँकर आधी वाड्यात जावा आणि मग चावडीवर यावा, असं ठरलं. ते आबांना सांगणं माझ्याकडं आलं. लिंबाखाली बसलेल्या आबांना मी कसंबसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले होते. कोल्हारला गाडी थांबली तेव्हा मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले. कप हातात धरून त्यांनी विचारलं, “मी खोटं बोलतोय हे तुला ठावं हुतं ना?”

मी होकारार्थी मान हलवली.

“मग ती उठली. तू का न्हाई?”

तुम्ही माझे आबा आहात म्हणून, असं ओठांवर आलं होतं. पण ते खरं कारण नव्हतं. चावडी आमच्या दारासमोर होती. आमचे हंडे पहिले भरायचे, आणि त्याबद्दल मला कधी प्रश्नच पडला नव्हता.

गावी आल्यावर दुसऱ्या दिवशी आबा मला घेऊन वाड्यात गेले. टँकर कुठं उभा करायचा ते कमलच्या आईला विचारलं. तिनं जागा दाखवली आणि मग म्हणाली, “पन येवढे दिस का लागले, सरपंच?”

आजूबाजूची माणसं बघत होती. आबा म्हणाले, “चुकलं माझं.”

मंडळ पुढच्या निवडणुकीपर्यंत चाललं, मग बंद पडलं. त्यानंतर मी पुष्कळ फिरले, सुंदर गावं पाहिली. पण प्रवास म्हटलं की मला तो वर्ग आठवतो आणि अजून कान गरम होतात. त्या दिवशी वाड्यात मला आबांएवढंही बोलता आलं नाही. टँकर वाड्यात आला तशी कमल घरातून दोन घागरी घेऊन आली. एक तिनं माझ्या हातात दिली, आणि आम्ही दोघी रांगेत जाऊन उभ्या राहिलो.