परत लावलेली फांदी

त्या हिवाळ्यात आमची तुकडी आलापल्लीला तंबूत होती. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. तो सगळा मुलूख चांदा जिल्ह्यात मोडायचा आणि चांदा मुंबई राज्यात. मी सिग्नल्समध्ये लान्स नाईक होतो. काम डीआरचं, म्हणजे मोटारसायकलवरून डाक पोहोचवायचं. गाव माझं साताऱ्याकडचं, त्यामुळे एवढं जंगल मी आधी पाहिलं नव्हतं.

ऑर्डर साधी होती. पुढे सर्व्हेची मोठी पार्टी जीपगाड्या घेऊन येणार होती. त्यांच्यासाठी एटापल्लीवरून सूरजागडच्या डोंगरांतून पलीकडे उतरणारी वाट शोधायची. दोन मोटारसायकली, दोन माणसं, आठवड्याचं रेशन आणि माझ्या कॅरिअरवर वायरलेस सेट. रोज संध्याकाळी सहाला कंट्रोलला रिपोर्ट द्यायचा.

दुसरा माणूस सॅपर्सचा, म्हणजे रस्ते-पूल बांधणाऱ्या तुकडीतला, नाईक गोविंदा दिघोरे. कॅप्टन साहेबांनी त्याला निवडलं, कारण तो 'लोकल' होता. होता ब्रह्मपुरीकडचा, वैनगंगेत आणि गावतलावात मासे धरणाऱ्या घरातला. ब्रह्मपुरीहून एटापल्लीला पोहोचायला तेव्हा दोन दिवस मोडायचे, पण नकाशावर जिल्हा एकच, म्हणून साहेबांच्या लेखी तो लोकल. दिघोरेनं तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. तो "येस सर" म्हणून सॅल्यूट ठोकून बाहेर आला आणि मला म्हणाला, "आपलाच जिल्हा आहे ना. मले सारं माहीत आहे." त्याला तिथल्या माडिया लोकांच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता.

'मले माहीत आहे' हे वाक्य मी पुढच्या चार दिवसांत इतक्यांदा ऐकलं की कान किटले. बांबू तोडल्यावर जमिनीत जे खुंट राहतात ते सुरीसारखे धारदार असतात. मी म्हणालो, बांबूच्या बेटातून नको. तो म्हणाला, मले माहीत आहे. दोन्ही टायर गेले. नाल्याच्या वाळूत गाडी ढकलत न्यावी असं माझं मत होतं. त्यानं थ्रॉटल दिला आणि मागचं चाक अर्ध्यापर्यंत रुतवलं. ते उकरून काढायला मेसटिन वापरावे लागले, आणि त्या मेसटिनमध्ये रात्री खिचडी खाताना दात करकरत होते. वर तो विचारायचा, "काऊन रे जगदाळे, तोंड काऊन पाडलं?"

सगळ्यात वैताग पाण्याचा. पाणी दिसलं की हा थांबायचा. घोटाभर डोह असला तरी बूट काढून उतरायचा, दगडाखाली हात घालून मासा चाचपायचा. मी इंजिन बंद करून, घड्याळ बघत, काठावर उभा. रँकनं तो वरचा, त्यामुळे बोलायची सोय नाही. मी त्याला नाईक म्हणायचो, ते त्याला आवडायचं नाही. "भाऊ म्हण," म्हणायचा. मी हट्टानं नाईकच म्हणत राहिलो.

एक सांगितलं पाहिजे. मासे मिळायचे, आणि तो मोठा वाटा मला द्यायचा. त्याचाही मला राग यायचा, कारण मग भांडायला तोंड उरायचं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही डोंगराच्या पायथ्याशी एका पाड्यावर होतो. सात-आठ घरं, भोवती उभं धान. तिथला एक माणूस आलापल्लीच्या लाकूड कटाईवर राहिलेला, त्याला मोडकं हिंदी येत होतं. वर चढून गेलं की वाटेला फाटे फुटतात, असं त्यानं सांगितलं. ज्या फाट्यावर पालेदार फांदी आडवी टाकलेली असेल, तिकडे जायचं नाही. ती वाट बंद. मागून येणाऱ्याला सांगायची त्या लोकांची ती रीत होती. दिघोरे तेव्हा ओढ्यात होता. तो आल्यावर मी त्याला हे शब्दाशब्दानं सांगितलं.

तो हसला. म्हणाला, "हे मले काय सांगतं? आमच्या गावात धुऱ्याधुऱ्यावर काटे असतात. जनावर धानात घुसू नाई म्हणून. उचलाचे, जाचे, वापस लावाचे." धुरा म्हणजे शेताचा बांध. मी म्हणालो, हे तसं नाही, इथे वाटच बंद असते. तो म्हणाला, मले माहीत आहे.

चढावर माझ्या गाडीची चेन तुटली. लिंक बदलायला वेळ लागणार होता. दिघोरे म्हणाला, मी पुढे जाऊन उतारावरची लाइन बघतो, पलीकडच्या खालच्या पाड्यावर भेटू, तोवर चहा ठेवतो. सॅपरचं कामच ते. मी हो म्हणालो.

चेन जोडून मी वर पोहोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. खिंडीत दोन फाटे होते. उजवीकडच्यावर ऐनाची फांदी आडवी होती, दोन्ही टोकांवर चांगले जाड दगड ठेवलेले. इतकी नीट बंद केलेली वाट पाहून शंकेला जागाच नव्हती. जमीन सगळी खडकाळ, चाकाचा माग दिसत नव्हता. मी डावीकडून उतरलो.

खालच्या पाड्यावर दिघोरे नव्हता. चहाही नव्हता. खुणांनी विचारलं, तर गाडी आलीच नाही असं कळलं. माझी खात्रीच झाली की कुठल्यातरी डोहात हा बूट काढून उभा असणार. मी मनातल्या मनात त्याला जे जे म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. थोडा वेळ वाट पाहिली आणि गाडी वळवून परत चढ चढलो. संध्याकाळच्या रिपोर्टमध्ये त्याची तक्रार कुठल्या शब्दांत करायची हे घोकत होतो.

खिंडीत पोहोचलो, इंजिन बंद केलं. वारा उजवीकडून येत होता आणि त्याला पेट्रोलचा वास होता. माझी टाकी गळत नव्हती. मी वाकून बघितली, मग फांदीकडे बघितलं. उजवीकडच्या दगडाखालचं गवत हिरवंच दबलेलं होतं. दगड त्याच दिवशी ठेवलेला होता.

फांदी ओलांडून मी पळत गेलो. पहिल्या वळणानंतर वाटेची कड पावसाळ्यात ढासळलेली होती. खाली नाला. मोटारसायकल उलटी आणि तिच्याखाली कमरेपर्यंत दिघोरे. जिवंत होता. मला बघून म्हणाला, "लय टाइम लावला, बे."

गाडी त्याच्या अंगावरून काढली. मांडी मोडली होती, पण रक्त फार नव्हतं. पोट मात्र लाकडासारखं घट्ट झालं होतं. आत रक्तस्राव होतोय, हे मला तेव्हाही कळत होतं. सावलीत सरकवून, पाणी न देता फक्त ओठ ओले करून मी खिंडीत परतलो आणि माझ्या गाडीवरचा सेट काढला. एरिअलची तार झाडावर फेकली. कंट्रोल मिळालं.

मी म्हणालो, "पार्टी का एक आदमी गंभीर जख्मी. गाडी नाले में गिरी. डॉक्टर और जीप चाहिए. ओव्हर."

उत्तर आलं, "मशीन की क्या हालत है? ओव्हर."

"आदमी जख्मी है, सर. ओव्हर."

"समझ गया. मशीन चलेगी? ओव्हर."

त्या क्षणी सेट दरीत भिरकावून द्यावासा वाटला. नंतर कळलं की गाडी चालत असेल तर मी त्याला मागे बांधून आणावं, असं साहेबांच्या मनात होतं. माणूस वाईट नव्हता. पण तेव्हा मी पहिल्यांदाच वरिष्ठावर आवाज चढवला. सांगितलं की पेशंट बसू शकत नाही, खाटेवरून आणतो, जीप बांडिया नदीपर्यंत पाठवा. मग "जीप आ रही है. आउट."

खालच्या पाड्यावरचे लोक मी हाका मारण्याआधीच निघाले होते. मी परत वर गेलेला त्यांनी पाहिला होता. ते फांदीपाशी थांबले आणि आपसात काही बोलले. त्या हिंदीवाल्या माणसाकडून मला नंतर समजलं, गाडी कोसळल्याचा आवाज त्यांनी सकाळीच ऐकला होता. बघायला दोघं वरपर्यंत आले होते. पण फांदी जागेवर होती, तेव्हा इकडे कोणी गेलेलं नाही म्हणून ते परतले.

खाटेला बांबू बांधून त्यांनी दिघोरेला उचललं. चालता चालता खांदे बदलत होते. एका गावाची शीव आली की खाट खाली ठेवायची, पुढच्या गावानं उचलायची, अशी तिथली पद्धत. एका शिवेवर पुढची माणसं आलेली नव्हती. हे काही केल्या पुढे पाऊल टाकेनात. मी ओरडायला लागलो. खाटेवरून आवाज आला, "ओरडू नको. लोकं येऊन राह्यले." खरंच येत होते.

चालताना मी खाटेच्या बाजूला होतो. तो मधेच ग्लानीत जायचा. एकदा डोळे उघडून त्यानं विचारलं, "जगदाळे, मी ते काटे वापस लावले होते ना?"

मी म्हणालो, "लावले होते, भाऊ. वर दगडही ठेवले होते."

"मग ठीक आहे. लोकाचं धान उभं आहे."

बांडियाच्या वाळूत पोहोचलो तेव्हा उजेड होता. पलीकडच्या काठावर जीप दिसत होती, ड्रायव्हर उतार शोधत मागेपुढे करत होता. खाट वाळूवर ठेवली. मी जीपला हात करत होतो, तेवढ्यात मागच्या माणसानं माझ्या दंडाला हात लावला. दिघोरे गेला होता. मला रडू आलं नाही. पहिला राग आला, आणि तो त्याचाच आला. चार दिवस ज्याचं ऐकून घेतलं, तो आता काही ऐकायला शिल्लक नव्हता.

लढाईत पडला नाही, म्हणून त्याचं नाव कुठल्या स्मारकावर नाही. माजी सैनिकांच्या मेळाव्यात शहिदांची नावं वाचतात, तेव्हा शेवटी मी उठतो आणि त्याचं नाव घेतो. कुठल्या लढाईत, असं कोणीतरी विचारतंच. मी सांगतो, लढाई नव्हती, वाट शोधत होतो.

त्याचं सामान घेऊन त्याच्या गावी मलाच पाठवलं होतं. वडील ओसरीत जाळं दुरुस्त करत बसले होते. काय बोलायचं ते साहेबांनी मला पाठ करून दिलं होतं: कर्तव्य, शिस्त, रेजिमेंटला अभिमान. मी त्यांच्यासमोर बसलो आणि त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघेना. त्याच्या आईनं पाणी आणून ठेवलं. शेवटी जे मनात होतं तेच बाहेर पडलं. मी म्हणालो, "बाबा, तुमच्या मुलानं मला फार त्रास दिला."

म्हाताऱ्यानं जाळं बाजूला ठेवलं. माझ्याकडे बघितलं.

"आमाले बी लय देत होता, भाऊ," ते म्हणाले. "आता कोण देईन?"