अर्जावरची आत्या

"सोफ्यावर बस," बाई म्हणाल्या.

मी उभीच. सतरा वर्षं त्या सोफ्याखालचा केर काढला. त्यावर कधी टेकले नव्हते.

"बस गं. आता सवय करायला हवी." बाई आत गेल्या. जुना टॉवेल घेऊन आल्या. सोफ्याच्या कडेला पसरला, हातानं सुरकुत्या काढल्या. "हं. बस आता."

बसले. टॉवेलावर. समोर साहेब, मांडीवर कागद. साहेब वकील. कोर्टात उलटतपासणी घेतात तसे विचारायला लागले.

"निखिल तुमचा कोण?"

"भाचा."

"मी तुमचा कोण?"

"चुलत भाऊ."

"म्हणजे तू निखिलची कोण?"

"आत्ती."

"आत्ती नाही, आत्या," बाई मधेच म्हणाल्या. "आणि काम काय करता, असं विचारलं तर?"

"काय न्हाय. घरातच असतो."

"असतो नाही, असते. बाईमाणूस आहेस ना तू? आणि न्हाय काय? नाही म्हण."

आमच्याकडं बायका जातो, येतो असंच म्हणतात. माझी आई तसंच बोलायची. मी कबनूरची. बाप यंत्रमागावर कामाला, मी नववीपर्यंत शाळेत. पुस्तकातली भाषा मला येते, हे सांगतेय तेही त्याच भाषेत. पण जीव घाबरला की तोंडात आईची भाषा येते. त्या दिवशी तीच येत होती.

तीनदा पाठ करून घेतलं. मग बाई म्हणाल्या, "जमेल. ऊठ, भांडी पडलीत."

मी उठले. बाईंनी तो टॉवेल दोन बोटांत धरून उचलला आणि धुण्याच्या बादलीत टाकला.

धुतला मीच.

निखिल म्हणजे त्यांचा मुलगा. अमेरिकेत असतो, कॉम्प्युटरचं काम. मी कामाला लागले तेव्हा शाळेत होता. त्याचा डबा मी भरला, दप्तर मी वाहिलं, कावीळ झाली तेव्हा उशाशी मी बसले. मला मावशी म्हणायचा. त्याला जुळं झालं. दोन्ही पोरं अशक्त, सूनबाईची नोकरी. तिथं पोरं सांभाळायला बाई ठेवायची तर फार महाग पडतं म्हणे. साहेबांचा आणि बाईंचा व्हिसा होताच. ते दोघं चालले होते. मला बरोबर घ्यायचं ठरलं.

हे ठरवताना मला कुणी विचारलं नाही. पण विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं, हे लपवत नाही. मला विमानात बसायचं होतं. निखिलची पोरं मांडीवर घ्यायची होती. आमच्या गल्लीतून अमेरिकेला कोण गेलंय? मी जाणार होते. त्यासाठी खोटं बोलायला लागलं तर बोलणार होते. आत्या तर आत्या. नातं मोठंच आहे की, असं मला वाटलं. थोडं गोडसुद्धा वाटलं. त्याची लाज मला अजून वाटते.

आम्ही बौद्ध. त्या घरात ते कुणी कधी तोंडातून काढलं नाही. माझा कप मागच्या नळाच्या कट्ट्यावर पालथा असायचा. दुसऱ्या कुणाचा कप तिथं नसायचा. बोलायची गरजच नव्हती.

पासपोर्ट आला तो आमच्या घरी. पोस्टमननं माझ्या हातात दिला, सही घेतली. निळं पुस्तक. आत माझा फोटो, माझं नाव, आईचं नाव, बापाचं नाव. कागदावर आईचं नाव असं छापलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. नवरा फौंड्रीतून आला तर त्याला आधी हात धुवायला लावले, मग दाखवला. तो म्हणाला, "आयला, फोटोत सायबीण दिसतीस की."

दुसऱ्या दिवशी बाईंनी तो मागून घेतला. "तुझ्या घराचा पत्रा गळतो. भिजेल. माझ्या कपाटात राहू दे."

मी दिला. एक दिवस तो माझ्याकडं होता.

मग अर्ज. कोल्हापुरात राजारामपुरीत एक एजंट होता, त्याच्याकडं. बाईंनी मला त्यांची जुनी इरकल नेसायला दिली. एजंटनं माझ्याकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं आणि हसला.

"साहेब, आडनावं?"

"लग्नानंतरचं आहे म्हणायचं."

"तसं न्हवं. माहेरचं बी लिहावं लागतंय यात."

साहेब म्हणाले, "अहो, हिचं आडनाव काय आणि आमचं काय, गोऱ्याला काय फरक कळतोय?"

सगळे हसले. बाईसुद्धा. मी पण हसले. मग माझं हसू तोंडातच राहिलं. गोऱ्याला कळत नाही. म्हणजे कळतं ते कुणाला? आडनाव ऐकलं की कप कुठं ठेवायचा ते ज्यांना कळतं, ते माझ्या शेजारीच बसले होते.

एजंट टाइप करत होता. मी पडद्यावर बघत होते. इंग्रजी अक्षरं मला लावता येतात. ए, यू, एन, टी. मी मनात वाचलं. आंट.

"सही कुठं करायची?" मी विचारलं.

"सही लागत न्हाय, मावशी. वर दिल्याली माहिती खरी हाय म्हणून हितं बटण दाबायचं. दाबलं मी."

"आणि खोटं निघालं तर?"

तो अजून हसतच होता. "तर तुम्ही जन्मभर बाद. परत कधी अमेरिका न्हाय."

"आणि साहेब?"

"साहेबांचा अर्ज कुठं हाय यात? अर्ज तुमचा हाय."

मी साहेबांकडं पाहिलं. ते फोनवर बोलत होते.

त्या दिवसापासून मला स्वस्थ बसवेना. भांडी घासताना हात थांबायचे. फरशी पुसलेली परत पुसायची. नवरा म्हणाला, "काय झालंय तुला? घरात येरझाऱ्या घालाय लागलीस." मला सांगता आलं नाही. पायात नुसती वळवळ. बसले तरी बसल्यासारखं वाटायचं नाही.

मुलाखत मुंबईला. साहेबांच्या गाडीनं निघालो. मी पुढं, ड्रायव्हरशेजारी. गाडीत बाईंनी दोनदा उजळणी घेतली. "आजपासून तू आत्याच आहेस असं समज. म्हणजे तोंडात बसेल."

साताऱ्याच्या पुढं एका हॉटेलात थांबलो. ड्रायव्हर टायरची हवा बघायला गेला. साहेब आणि बाई टेबलाला बसले. मी जरा थांबले. मग मला आठवलं, आजपासून आत्या. मी खुर्ची ओढली आणि बाईंच्या शेजारी बसले.

बाईंनी मान वळवली नाही. समोर बघतच, ओठ न हलवता बोलल्या.

"इथं नाही. तिथं."

मला कळलंच नाही. तिथं म्हणजे पलीकडच्या टेबलाला? मी उठायला लागले, तेवढ्यात मागून कुणीतरी साहेबांना हाक मारली. कोल्हापूरचेच कुणी डॉक्टर, बायकोसह. बोलणं झालं. डॉक्टरांच्या बायकोनं माझ्याकडं बघून विचारलं, "या कोण?"

बाई पटकन म्हणाल्या, "ही आमची कामवाली. जा गं, तू चहा घे जा ड्रायव्हरबरोबर."

मी गेले. चहा घेतला नाही. गाडीला टेकून उभी राहिले. तेव्हा त्या शब्दांचा अर्थ लागला. इथं नाही, तिथं. तिथं म्हणजे काचेपलीकडच्या गोऱ्यापुढं. पाच मिनिटं. तेवढ्यापुरतं नातं. ते झालं की अमेरिकेतसुद्धा माझा कप कुठंतरी पालथा असणार होता. आणि तिथं तर मागच्या दारानं घरी जायलाही आमची गल्ली नव्हती.

मुंबईत आधी बोटांचे ठसे. काचेवर चार बोटं ठेवायची. माझी उमटेनात. तिथली पोरगी चांगली होती. ओला कपडा दिला, पुसायला लावलं, परत दाबली. परत नाही. "मावशी, काय काम करता?" तिनं विचारलं.

"घरीच असते," मी म्हणाले. पाठ केलेलं. स्वच्छ शुद्ध.

तिनं माझ्या हातांकडं पाहिलं. भांड्यांच्या साबणानं झिजलेली बोटं तिनं एकेक धरून काचेवर दाबली. चौथ्या वेळी उमटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकिलातीच्या फाटकापर्यंत साहेब आणि बाई आले. पुढं त्यांना सोडत नव्हते. फाटकाशी बाईंनी मला पासपोर्ट दिला. "नीट सांभाळ. आणि आलीस की लगेच माझ्याकडं दे." माझा पदर सारखा केला. कॅमेरे होते ना तिथं.

आत लांब रांग. फोन नाही, पिशवी नाही. हातात फक्त फाइल आणि ते निळं पुस्तक. मी ते उघडलं. आईचं नाव वाचलं. पुढची बाई रडत परत आली. मागचा पोरगा देवाचं नाव घेत होता. पळून जावंसं वाटत होतं आणि रांग सोडवत नव्हती.

खिडकी आली. काचेपलीकडं तांबूस केसांचा तरुण साहेब आणि शेजारी एक मराठी बोलणारी बाई. तो इंग्रजीत विचारायचा, ती मराठीत सांगायची.

"कुणाकडे चाललात?"

"निखिलकडं."

"तो तुमचा कोण?"

भाचा. एकच शब्द होता. तीनदा सोफ्यावर, दोनदा गाडीत. तोंडात आलेला होता. मी तोंड उघडलं आणि तो बाहेर येईना.

"तो तुमचा कोण लागतो, काकू?" त्या बाईनं परत विचारलं.

"कोण न्हाय," मी म्हणाले. "मी त्याच्या घरात भांडी घासतो."

ती बाई थांबली. तिनं ते त्याला सांगितलं नाही. माझ्याकडंच बघत राहिली.

"सांगा की त्यास्नी," मी म्हणाले. "सतरा वर्षं भांडी घासतो. मला तिकडं पोरं सांभाळाय न्यायल्यात. अर्जात आत्ती लिव्हलंय, ती मी न्हवं. त्ये बटण मी दाबलं न्हाय."

तिनं सांगितलं. त्यानं टाइप करणं थांबवलं. मग बरंच विचारलं. पगार किती ठरला? ठरला नाही. करार केलाय? नाही. पासपोर्ट कुणाकडं असतो? बाईंच्या कपाटात. सुट्टी? सुट्टीचं मला कुणी आजवर विचारलंच नव्हतं.

शेवटी तो बोलला आणि तिनं सावकाश सांगितलं. कामाला न्यायचं तर त्याचा व्हिसा वेगळा असतो. त्यात करार लागतो. पगार लिहून, तास लिहून, सुट्टी लिहून. कामवालीचा पासपोर्ट मालकानं ठेवून घ्यायचा नसतो. या अर्जावर व्हिसा मिळणार नाही. तुम्ही स्वतःहून खरं सांगितलं, तेवढी नोंद करतो.

एक कागद आणि माझा पासपोर्ट खिडकीखालून बाहेर आला.

तो माणूस देव होता असं मी म्हणत नाही. त्यानं मला नकारच दिला. पुढच्याला हाक मारली. पण करार, तास, सुट्टी हे शब्द माझ्या कामाला लागू होतात हे मला बेचाळिसाव्या वर्षी, काचेपलीकडून कळलं. कोल्हापुरात वकिलाच्याच घरात सतरा वर्षं काढून कळलं नव्हतं.

बाहेर आले. साहेबांनी विचारलं, "झालं?"

"न्हाय झालं. खरं सांगून आलो."

बाईंना आधी समजलंच नाही. मग समजलं. भर रस्त्यात, ज्यांचा आवाज कधी वर चढत नाही त्या बाई ओरडल्या. "तुझ्यासाठी एवढं केलं! तुला आत्या केली आम्ही!"

साहेबांनी हात पुढं केला. "पासपोर्ट दे इकडं."

"न्हाय."

"काय?"

"माझा हाय त्यो."

साहेबांचा हात तसाच हवेत राहिला. मग ते म्हणाले, "मग ये तुझी तू." गाडी गेली. माझे कपडे गाडीत राहिले.

विचारत विचारत एसटी स्टँड गाठला. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण दोन आठवडे पायात असलेली वळवळ तिकिटाच्या रांगेत थांबल्यासारखी वाटली.

घरी नवरा चिडला. "पाच मिनिटं आत्ती व्हायला काय झालतं तुला?" त्याचंही खरं होतं. काम गेलं. आठ दिवसांत बाईंच्या गल्लीतली माझी भांड्यांची दुसरी दोन घरंही सुटली. बाईंनी सगळीकडं सांगितलं होतं, ही विश्वासाची नाही.

मग निखिलचा फोन आला.

"मावशी, असं का केलंस? मी तुला घरचीच मानत होतो."

"मग कामवालीचा व्हिसा असतोय, त्यो का न्हाय काढलास?"

तो मग म्हणाला, "अगं, त्यात तासावर पैसे द्यावे लागतात. सुट्टी द्यावी लागते. कोण करतं ते सगळं?"

त्याला माहीत होतं. बाईंना माहीत नसेल, साहेबांना अर्धवट माहीत असेल. पण माझ्या हातचं खाऊन वाढलेल्या त्या पोराला सगळं माहीत होतं. त्यानं हिशेब करून मला आत्या केलं होतं. सोफ्यावरच्या टॉवेलानं, हॉटेलातल्या त्या शब्दांनी झालं नाही ते इथं झालं. मी रडले. एकदाच.

"पोरांस्नी जपा," म्हणून फोन ठेवला.

आता नवीन काम शोधतेय. परवा कळंब्याच्या बाजूला एका बंगल्यात गेले. बाई बऱ्या होत्या. काम सांगितलं. मी म्हणाले, "किती तास, आठवड्याला कुठली सुट्टी, ते कागदावर लिहून द्या. खाली तुम्ही सही करा, मी पण करते."

त्या हसल्या. "कामवालीला कसलं लिहून द्यायचं गं? तू आमच्या घरातलीच की."

मी चप्पल घातली.

"घरातली नको," म्हणाले. "कामवालीच लिहा."

त्यांनी लिहिलं नाही. मी निघाले. आज दुसऱ्या घरी विचारलं, तिथंही नाही. उद्या तिसऱ्या दारात जाणार आहे, तेच मागणार आहे. अमेरिकेला जायचं झालं तरी तेच मागणार. नवरा म्हणतो असं उपाशी मरशील. मरणार नाही. पण काय काम करते ते लिहिल्याशिवाय आता कुणाच्या घरात पाऊल टाकणार नाही.