रस्त्याच्या दोन बाजूंच्या पाणपोया

सिंदेवाहीच्या उन्हात ज्याच्या घशाखाली थंड पाणी उतरलं असेल, त्या प्रत्येकाने माझ्या मोठ्या मामाजींच्या जळफळाटाचे आभार मानायला हवेत. त्यांचा दानधर्म दयेतून आला, असं त्यांच्या घरचंही कोणी म्हणणार नाही. आजोबांच्या राइस मिलची वाटणी झाली, रस्त्याच्या अलीकडे मोठे मामाजी आणि पलीकडे धाकटे अशा दोन पाट्या लागल्या. त्याच उन्हाळ्यात धाकट्यांनी आजोबांच्या नावाने पाणपोई उघडली. मोठ्यांना वाटलं, वाटणीत बापही तिकडेच गेला. आठवड्याच्या आत इकडेही रांजण बसले.

तिकडे पाण्यात वाळा पडला, की इकडे बर्फाची लादी येई. तिकडून शाळेला पंखे गेले, की इकडून कूलर निघत. पोरांना खरंच उकडतं का, हे विचारायला दोघांनाही फुरसत नव्हती. माझं फ्लेक्सचं दुकान या पुण्याईवरच चालतं. एकदा मोठ्यांनी स्मशानघाटावर टिनाचं शेड बांधून दिलं आणि उद्घाटनाचं आमंत्रण मुद्दाम भावाला धाडलं. उलट निरोप आला, "भाऊ मोठे आहेत. पहिला मान त्याइचा." मोठे मामाजी हे येईल त्या पाहुण्याला सांगत आणि वर म्हणत, "बदमाश आहे, पन बोलते चांगला."

यंदा धाकट्या मामाजींना लकवा मारला. नागपूरला दवाखान्यात पडून आहेत, तोंडातून शब्द फुटत नाही. पलीकडचे रांजण पालथेच राहिले. आणि आमच्या दानशूरांनी काय करावं? मोठा मांडव घातला, मठ्ठा सुरू केला, आणि माझ्याकडून एवढा फ्लेक्स करून घेतला की त्यामागे भावाची मिल दिसेनाशी झाली. सगळं गाव नावं ठेवू लागलं. मलाही राग आला.

"मामाजी, धाकटे मामाजी तिकडं पडून आहेत. आता कोनाले दाखवून राह्यले हे?"

"त्यालेच. फोटो काढ अन् धाड. लिही, तुह्याच्यानं हे जमलं नसतं." मग खुर्चीत बसत ते हळूच म्हणाले, "चिडला पायजे तो. गोळ्याइनं नाई उठला. चिडला तर उठन."

माझा राग तिथेच विरला, आणि फार वाईट वाटलं. तेव्हापासून रोज फोटो पाठवतो. धाकट्यांची मुलगी तो त्यांच्या डोळ्यांसमोर धरते. भर दुपारी मोठे मामाजी डोक्याला दुपट्टा बांधून माझ्या दुकानात येतात आणि विचारतात, "शिवी आली काय रे?"

अजून आलेली नाही.