शामरावांनी सरळ केलेली मान

डिलाईल रोडवर शामराव घाडी यांचा गाळा आहे. गाळा म्हणायचं ते त्यांना वाईट वाटू नये म्हणून. खरं तर ती चाळीच्या जिन्याखालची जागा. आत एक लेथ मशीन, लेथपुढे शामराव, आणि गिऱ्हाईक फुटपाथवर. दोन माणसं आत मावत नाहीत. जिन्यावरून कुणी धावत उतरलं की शामराव हत्यार मागे घेतात, कारण वरून पडणारी धूळ नेमकी तेलात पडते.

शामराव मिलमध्ये साचाखात्यात, म्हणजे जिथे कापड विणणारे माग असतात तिथे, फिटर होते. मिल बंद झाली तेव्हा हातात जे आलं त्यातून कुणी मुलीचं लग्न केलं, कुणी गावच्या घरावर स्लॅब टाकला, कुणी मोठा टीव्ही घेतला. शामरावांनी ही जुनी लेथ घेतली. लेथ अजून चालते आणि ते टीव्ही केव्हाच बंद पडले, हे शामराव फारसं बोलून दाखवत नाहीत. वर्षातून पाच-सहा वेळाच.

मिलच्या जागी टॉवर उभा राहिला. त्याला इटलीतल्या कुठल्याशा गावाचं नाव दिलं आहे, ते तिथे राहणाऱ्यांनाही एका दमात म्हणता येत नाही. चिमणी मात्र पाडली नाही. संध्याकाळी तिच्यावर जांभळा उजेड सोडतात. कामगार गेले, वारसा जपला. मोटारी ठेवायच्या सात मजल्यांच्या डोक्यावर, आठव्या मजल्यावर, प्लॅस्टिकची हिरवळ आहे आणि तिला नऊ भोकं आहेत. शामरावांनी चिमणीपासून पावलं मोजून हिशेब केला होता: ती हिरवळ बरोबर साचाखात्याच्या वर येते. जिथे तीनशे साचे एका वेळी खडखडत होते, तिथे आता एक चेंडू भोकात पडला की लोक टाळ्या वाजवतात. प्रगती म्हणतात ती अशी उंचावर असते, खालून नीट दिसत नाही.

शामरावांचा मुलगा हितेंद्र एका इन्शुरन्स कंपनीत आहे. मुलगा चांगला, पण त्याने नवी स्कूटर घेतली होती आणि ती रस्त्यावर भिजत होती. त्याची नजर गाळ्यावर गेली यात त्याची चूक नाही. नजर जायला चाळीत दुसरी जागाच नव्हती. त्यातच एप्रिलमध्ये शामरावांनी शेजाऱ्यांच्या मिक्सरच्या भांड्याला नवीन आटे पाडून दिले, ते उलटे पाडले. भांडं सुटलं आणि खोबऱ्याची चटणी छताला लागली. त्या दिवशी हितेंद्रने शांतपणे सांगितलं की, अप्पा, आता तुमचं वय झालं, आणखी एक तक्रार आली की लेथ भंगारात. ओरडला असता तर शामरावांनीही ओरडून परतवलं असतं. शांतपणे बोलल्यामुळे ते खरं वाटलं. तयारी असावी म्हणून भंगारवाला ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी मशीन बघायला येणार, हेही पुढे ठरलं.

त्याच्या आधीच्या सोमवारी टॉवरमधले उन्मेष आले. मूळचे दादरचे, बोलणं नीटस, पायात पांढरेशुभ्र बूट. टॉवरच्या गेटवर सिक्युरिटीला असलेला धोंडू परब ह्याच चाळीतला. त्याने पत्ता दिला होता. उन्मेषच्या हातात मखमली टोपडं घातलेली एक काठी होती. टोपडं काढून त्यांनी समजावलं की, ह्याला पटर म्हणतात, चेंडू भोकाजवळ आला की शेवटी ह्याने ढकलायचा. रविवारी सोसायटीची स्पर्धा आहे. लांबून सगळं जमतं, पण साडेतीन फुटांवर आलं की हात थरथरतो. तीन डॉक्टर झाले, एक कोच झाला, श्वासाचा कोर्सही झाला. आता असं कळलंय की दोष हाताचा नसून काठीचा आहे. खालचं डोकं जड आहे, म्हणून वरच्या टोकाला वजन घालायचं. परदेशातून मागवलं तर तीन आठवडे लागतात.

“काउंटरबॅलन्स म्हणतात त्याला, काका,” उन्मेष हळूच म्हणाले, जसं आजाराचं नाव सांगावं तसं.

शामरावांनी मान डोलावली. साच्यावर सूत घेऊन धोटा इकडून तिकडे उडायचा. त्याचं एक टोक जड झालं तर तो वाट सोडून एखाद्याचे दात घेऊन जायचा, म्हणून दुसऱ्या टोकाला शिशाचा थेंब सोडावा लागे. हे काम त्यांनी बावीस वर्षं केलं, पण त्याला इंग्रजी नाव आहे हे त्यांना आज कळलं. पगाराच्या वेळी कळलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी पटर कानशीच्या पाठीवर आडवा तोलून पाहिला आणि तोल जिथे धरला तिथे खडूची रेघ मारली. मग वरच्या टोकाला चिकटपट्टीने नट गुंडाळले आणि उन्मेषना फुटपाथवर चेंडू मारायला सांगितला. स्टीलचा एक पेला आडवा ठेवून त्याचं भोक केलं. चाळीस ग्रॅमचे नट लावले, मग साठचे, मग ऐंशीचे, मग शंभरचे. शामराव चेंडूकडे बघतच नव्हते, ते मनगटाकडे बघत होते. शंभरला मनगट आळशी झालं, ऐंशीला गप्प बसलं. ऐंशी ठरलं. उन्मेषनी विचारलं की हे कुठल्या सूत्राने काढलं. शामराव म्हणाले, बघून. उन्मेषना ते फार आवडलं. असं उत्तर फुकट मिळण्याची त्यांना सवय नसावी.

दुसऱ्या दिवशी शामरावांनी पितळेची अडीच इंची गुल्ली लेथवर कातली. ती कोपऱ्यावरच्या वाण्याकडे नेऊन काट्यावर ठेवली. दोन ग्रॅम जास्त भरली, म्हणून पुन्हा येऊन कातली. काठीच्या नळीत ती अशी बसली की हलवून कानाशी धरली तरी आवाज नाही. खडूच्या जुन्या रेघेपासून तोल चांगला दोन बोटं वर सरकला होता. इथे थांबले असते तर सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

पण मिलमधल्या फिटरला एक खोड असते. सांगितलेलं काम झालं की न सांगितलेलं शोधायचं. कुणाची वस्तू दुरुस्त करून देताना तिच्यातला दुसरा दोष तसाच परत देणं म्हणजे अर्धी दाढी करून पाठवणं. शामरावांची एक रीतही होती: काम हातात घेण्याआधी वस्तू कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर ठेवून, समोरून आणि बाजूने, पेन्सिलीने तिची बाहेरची रेघ काढून ठेवायची. ह्याला ते कुंडली म्हणत. पटरची कुंडली त्यांनी सोमवारीच काढली होती, आणि तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं होतं की डोक्यापासून चार बोटं वर नळीची मान वाकलेली आहे. तिथे बाण काढून त्यांनी लिहिलंही होतं: इथे वाकलंय.

बिचाऱ्याने मोटारीच्या दारात चेमटवली असणार आणि सांगायला लाजला असणार. शामरावांनी माणुसकी दाखवली. लाकडाचे दोन ठोकळे घेतले, मान वाइसच्या जबड्यात धरली आणि थोडं थोडं दाबत अर्ध्या तासात ओळंब्यासारखी सरळ केली. ह्याचे पैसे सांगायचे नाहीत, हेही मनात ठरवलं. मोठं मन असलं की असं होतं.

सरळ झालेला पटर त्यांनी खेळायला धरतात तसा तिरका धरून जमिनीवर टेकवला, तर डोक्याचं एक टोक वर उचललं गेलं. शामरावांना वाटलं, डोक्यातही दोष आहे. त्यांनी कानस उचलली. नशीब म्हणायचं ते एवढंच की त्याच वेळी धोंडू ड्युटीवरून उतरून चहाला आला. त्याने पटरकडे पाहिलं, शामरावांकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला.

“शामराव, तेची मान खंय गेली?”

शामरावांनी अभिमानाने सांगितलं.

“अरे, वरती तेंच्या सगळ्या ढकलायच्या काठ्यांच्या माना वाकड्याच असतत,” धोंडू म्हणाला. “मी रोज लिफ्टपर्यंत घेऊन जातंय. मुद्दाम वाकवतत ते. तेचेच पैसे.”

लेथ बंद होती तरी शामराव तिच्यावर हात ठेवून उभे राहिले. घरी गेल्यावर त्यांनी कमळाबाईंना सांगितलं. पत्नीला सांगितल्याने मन हलकं होतं असा त्यांचा समज होता. कमळाबाई म्हणाल्या, “चटणी तरी धुऊन निघाली.”

बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार शामरावांनी ती मान परत वाकडी करण्यात घालवले. सरळ करायला अर्धा तास, वाकडी करायला तीन दिवस. आयुष्यभर त्यांना उलटंच सांगितलं गेलं होतं. नळी चेपू नये म्हणून गुल्ली काढून आत बारीक रेती भरली, थोडं वाकवलं, कुंडलीवर ठेवून पाहिलं, पुन्हा थोडं वाकवलं. जो बाण त्यांनी दोष दाखवायला काढला होता, तोच आता वाट दाखवत होता. शुक्रवारी चारच्या सुमाराला पटर दोन्ही चित्रांवर असा बसला की पेन्सिलीची रेघ कुठे बाहेर उरली नाही. रेती झटकून त्यांनी गुल्ली परत बसवली आणि जमिनीवर टेकवून पाहिलं. डोकं गुपचूप सपाट बसलं.

शनिवारी सकाळी उन्मेष आले. हितेंद्रला सुट्टी होती. तो लेथची लांबी-रुंदी मोजायला टेप घेऊन फुटपाथवर उभा होता. उद्या भंगारवाला येणार, त्याला दारातून मशीन निघेल की नाही ते आधीच कळलेलं बरं. उन्मेषनी पेला आडवा ठेवला. पहिला चेंडू पेल्यात गेला, दुसरा गेला, सहाच्या सहा गेले. हात जणू दुसऱ्याचे होते. उन्मेषचा चेहरा बघवत नव्हता, इतका सुखी होता. त्यांनी शामरावांचा हात हातात घेतला आणि म्हणाले की काका, तुम्ही जादूगार आहात. हितेंद्रने टेप गुंडाळली.

इथे कुठलाही शहाणा माणूस गप्प बसला असता. शामरावांनाही गप्प बसायचं होतं. पण साचाखात्यात एक नियम होता: वाकवलेलं लोखंड सरळ करून पुन्हा वाकवलं की ते आतून दमतं, म्हणून ज्याच्या हातात द्यायचं त्याला सांगायचं. शामरावांनी एकदा लेथकडे पाहिलं.

“साहेब, एक सांगायचं राहिलं,” ते म्हणाले. “ह्याची मान मी चुकून सरळ केली होती. मग परत वाकवली. आहे तशीच आहे, पण एकदा दमलेली आहे. कधीतरी तिथेच मोडेल. उद्या नाही मोडणार, पण मोडेल.”

उन्मेषनी पटर डोळ्यांजवळ नेला. मग सातवा चेंडू ठेवला. तो डावीकडून गेला. आठवाही डावीकडून. नववा गटारात गेला.

“मला मघापासूनच वाटत होतं,” उन्मेष म्हणाले. “डावीकडे ओढतोय.”

शामराव मनातल्या मनात लेथवर प्लॅस्टिक टाकत होते. तेवढ्यात हितेंद्र आत शिरला, म्हणजे शामरावांना बाहेर यावं लागलं, आणि खुंटीवरची कुंडली घेऊन आला. कागद त्याने बॉनेटवर पसरला, उन्मेषच्या मोटारीच्याच, आणि पटर मागून घेऊन त्यावर ठेवला. एकदा समोरून, एकदा बाजूने. रेघ कुठेच दिसेना. बाणाजवळचं अक्षर त्याने दोनदा वाचलं. वडलांचं अक्षर त्याने बहुतेक शाळेच्या प्रगतिपुस्तकानंतर आजच पाहिलं.

“सर,” तो म्हणाला, “पहिले सहा पेल्यात गेले ना? तेव्हाही मान परत वाकवलेलीच होती.”

उन्मेषनी यावर विचार केला. इन्शुरन्सचा माणूस असं बोलला की समोरचा सही करतो, ही हितेंद्रची रोजची सवय. उन्मेषनी टोपडं चढवलं, सांगितलेले पैसे दिले आणि कागद मागितला. शामरावांनी तो दिला नाही. कुंडली गाळ्याबाहेर जात नाही, एवढंच म्हणाले.

रविवारी उन्मेष तिसरे आले. दोन वर्षं ते सतरावे येत होते. पहिला नंबर दमलेल्या मानेमुळे हुकला असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आणि पुढे ती काय काय सोसून आली आहे तेही सांगितलं. परिणाम व्हायचा तोच झाला. पुढच्या आठवड्यात टॉवरमधून दोघं आले. त्यांना वजन तर घालून हवं होतंच, पण आधी मान सरळ करून मग परत वाकडी करायची, ती मिलमधली जुनी पद्धत आहे म्हणे, तीही हवी होती. शामरावांनी त्यांना हात जोडले आणि फक्त वजनाचं काम ठेवून घेतलं.

हे पुढचं. स्पर्धेच्या त्याच रविवारी सकाळी भंगारवाला ठरल्याप्रमाणे आला. शामराव वर गॅलरीत उभे होते. खाली उतरले नाहीत. हितेंद्र गाळ्याच्या दारात होता, स्कूटर पुसत होता. त्याने भंगारवाल्याला मशीन दाखवलीच नाही. दिवाळीनंतर ये म्हणाला. कुठल्या दिवाळीनंतर, ते भंगारवाल्याने विचारलं होतं; पण तेवढ्यात जिन्यावरून कुणीतरी धावत उतरलं, धूळ पडली, आणि हितेंद्र लेथवर फडकं टाकायला आत वळला.