ताटावरची नावं

आईच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला तेव्हा दादा तिशीचा होता. साल सत्तरच्या आसपासचं. वडील नव्हते, घरात आम्ही तिघंच. ऑपरेशन मिरजेला, म्हणजे आईसोबत मी जाणार आणि शाळेत रजेचा अर्ज टाकणार, हे ठरलेलं. प्रश्न होता दादाचा. तो वयाने माझ्याहून चार वर्षांनी मोठा, समजेने पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढा. कोडोलीच्या मामाला विचारलं, तर म्हणाला, "ऊसतोड चालू हाय. त्येच्यावर कोण नजर ठेवणार?"

शेवटी गावाबाहेरच्या एका आश्रमात पंधरा दिवसांसाठी सोय झाली. कचेरीतल्या गृहस्थांनी तीनच प्रश्न विचारले. झटके येतात का, चावतो का, पळून जातो का. तिन्हींना मी नाही म्हणाले आणि ते खूश झाले. तो जेवतो कसा, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्याबद्दल मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही.

दादाच्या जेवणाची एक रीत होती. लहानपणी एका लग्नात सगळी पंगत वाढून व्हायच्या आतच त्याने जिलबीला हात घातला आणि समोरची ओळ खो-खो हसली. आईला ते फार लागलं. तिने त्याला शिकवलं की ताट पुढ्यात आलं तरी "घे की" म्हटल्याशिवाय शिवायचं नाही. हे एवढंसं शिकायला त्याला दोन वर्षं लागली. मग मात्र तो कधी चुकला नाही. हात मांडीवर ठेवून, आवंढा गिळत आईच्या तोंडाकडे बघत बसायचा. आई "घे की" म्हणाली की चेहरा उजळायचा. आमच्या घरात ते इतकं रोजचं होतं, की कुणाला सांगायची गोष्ट आहे हेच माझ्या डोक्यात आलं नाही.

मधे भेटायला यायची परवानगी नव्हती. भेटलं की सवय मोडते म्हणे. सोळाव्या दिवशी, आईला घरी सोडून, मी त्याला आणायला गेले तेव्हा जेवणाची वेळ होती. व्हरांड्यात पंचवीसेक मोठी माणसं ओळीने बसली होती. ताटं स्टीलची, लखलखीत, प्रत्येकावर 'अमुक यांच्या स्मरणार्थ' असं कोरलेलं. ताटांना नावं होती. माझ्या दादाला मात्र वाढपी "ए, अकरा नंबर" म्हणत होता. त्याने आमटी ओतली मात्र, दादाने डावा हात ताटाभोवती कुंपणासारखा घातला आणि खाली वाकून दोन-दोन घास कोंबायला लागला. माझ्याकडे त्याने वर बघितलंसुद्धा नाही.

वाढपी मोठ्या अभिमानाने म्हणाला, "पयले चार दिवस लई नाटकं केली की हो, बाई. ताट म्होरं ठिवलं तर नुसता आमच्या तोंडाकडं बघत बसायचा. आमी बी ताट उचलून न्ह्यायचो. पाचव्या दिवशी आला बघा वळणावर."

चार दिवस. मी म्हणाले, "एकदा नुसतं 'घे की' म्हणायचं होतं हो त्याला."

"आता ताट वाढल्यावर आणि आवतण द्यायचं व्हय?"

कचेरीतले गृहस्थ म्हणाले, एवढी सोय कुठे मिळते, बाई, उपकार मानायला हवेत. मी मानले नाहीत. उलट नको ते बोलले, मास्तरणीच्या तोंडी शोभणार नाही असं. आजही त्यातला एक शब्द मागे घ्यावासा वाटत नाही. उपाशी माणूस समोर बसून तोंडाकडे बघतो आहे, आणि चार दिवसांत एकाला वाटू नये, विचारावं का रे जेवत नाहीस?

संध्याकाळी मी दोघांना वाढलं. आईच्या डोळ्यावर अजून हिरवी पट्टी होती आणि दुसऱ्या डोळ्याने तिला पुसटच दिसायचं. ती दादाच्या समोर बसली होती. दादाचं मचमच खाणं तिने ऐकलं आणि हातातला घास तसाच ठेवला.

"तू त्याला घे की म्हणालीस?" तिने मला विचारलं.

"नाही."

मग मी सगळं सांगितलं. ती त्या रात्री जेवली नाही.

वर्षभराने दुसरा डोळा पिकला. डॉक्टरांनी बोलावलं, मी फक्त पाय धरायचे बाकी ठेवले, पण ती गेली नाही. "एकानं दिसतंय की," एवढंच म्हणायची. तो डोळा शेवटी कायमचा गेला. एका डोळ्यावर ती पुढे बारा वर्षं जगली आणि रोज दोन्ही वेळा दादाच्या समोर बसून, वाढून झालं की "घे की" म्हणत राहिली. तोवर त्याचं निम्मं ताट संपलेलं असायचं.