अपवाद न करणारे सेक्रेटरीकाका

सेक्रेटरीकाकांनी आयुष्यात कुणासाठी अपवाद केला नाही. स्वतःसाठी तर नाहीच. गेटसमोर क्षणभरही गाडी थांबवायची नाही, असा नियम त्यांनीच केला आणि त्याच आठवड्यात मंडईतून आलेल्या बायकोला भाजीच्या पिशव्यांसकट भर उन्हात कोपऱ्यावर उतरवलं. काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. "शांततेत गेले," एवढंच काका त्यावर म्हणाले.

कर्वेनगरातली आमची सोसायटी तीन मजली, बिनलिफ्टची. काका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे वाहता नळ दिसला की त्यांचा जीव वर-खाली व्हायचा. सोसायटीचे सगळे नियम ते दोनशे पानी वहीत स्वतःच्या अक्षरात लिहीत आणि प्रत्येक नियमाखाली त्याचं कारणही लिहीत. म्हणायचे, "कारण संपलं की नियमही संपला पाहिजे. नाहीतर लोक त्यालाच हळदीकुंकू वाहतात."

या वहीनेच मला पहिल्यांदा अडवलं. यवतमाळहून नोकरीसाठी मी पुण्यात आले तेव्हा नुकता घटस्फोट झाला होता. कोथरूडला बायकांच्या होस्टेलवर राहत होते. तिथे लहान मुलं चालत नसल्याने सहा वर्षांची माझी लेक जुई आजीकडे यवतमाळलाच होती. तिला इथल्या शाळेत प्रवेश मिळाला होता, शाळा उघडायला दहा दिवस उरले होते आणि डोक्यावर छप्पर नव्हतं. शेवटी या इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट पसंत पडला, घरमालकही तयार झाले. पण सोसायटीच्या फॉर्मवर पुण्यातल्या दोन परिचितांच्या सह्या हव्या होत्या. पुण्यात येऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि ऑफिसातली माणसं अजून आडनावानेच हाक मारत होती.

घाबरले की माझी वऱ्हाडी बाहेर पडते. "काका, मी इथं कोणालेच ओळखत नाही जी. एका वेळेपुरतं चालवून घ्या न. नाहीतर तुम्हीच सही करा."

काकांनी चष्मा पुसला. "मी तुम्हाला ओळखत नाही. खोटी सही कशी करू? आणि अपवाद मी करत नाही. अपवाद म्हणजे उपकार. तो घेऊन राहायला आलात, तर जिना चढताना कायम मान खाली राहील. नियमाने या."

नियमाने येता आलं असतं तर मी यांच्या दारात उभी राहिले असते का? खाली येऊन पायरीवर बसले आणि मनातल्या मनात त्यांना जे जे म्हणायचं ते सगळं म्हणून घेतलं. त्यातलं अर्धं इथे लिहिता येणार नाही.

चौथ्या दिवशी त्यांचाच फोन. "रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग आहे. या."

प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर सगळे सभासद बसले होते. काकांनी वही उघडून सह्यांचा नियम वाचला आणि मग त्याखालचं कारण वाचलं. एक भाडेकरू गावी गेला, घरात नळ वाहत राहिला आणि कळवायला कुणी सापडलं नाही. वही मिटून त्यांनी विचारलं, "आपापल्या घरातलं पुण्यात पहिल्यांदा कोण आलं? आणि त्या दिवशी त्याला इथे कोण ओळखत होतं?" मग स्वतःपासूनच सुरुवात केली. "माझे वडील स्टेशनवर उतरले तेव्हा त्यांना ओळखणारी फक्त त्यांची पत्र्याची ट्रंक होती. या नियमाने मी त्यांनाही परत पाठवलं असतं."

"अहो, पण मग उद्या कुणीही येईल!" तळमजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले.

"पोलिसांकडची नोंद सगळ्यांना आहेच. मला नळ बंद करणारा माणूस हवा होता. नळासाठी केलेला नियम माणसं अडवतोय, आणि तो मीच लिहिलाय."

नियम बदलला. आधीच्या घरमालकाचं किंवा नोकरीच्या ठिकाणचं पत्र आणि अडचणीत कळवायला कुठल्याही गावची एक व्यक्ती. वहीत त्याखाली काकांनी लिहिलं : कारण – करणाऱ्याची चूक. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी जुई हा जिना धावत चढली. तिच्या मागून मीही चढले, मान वर करून. पायरीवर बसून म्हटलेलं सगळं मी त्या दिवशी परत घेतलं.

पुढे त्याच इमारतीत मी छोटा फ्लॅट घेतला आणि काका थकल्यावर ती वही माझ्याकडे आली. तोवर काकू गेल्या होत्या. काकांच्या गुडघ्यांना तीन मजले झेपेनात, म्हणून वरचा फ्लॅट विकून त्यांनी तळमजल्यावरचा भाड्याने घ्यायचं ठरवलं. फॉर्म घेऊन रीतसर माझ्या दारात उभे राहिले. फॉर्म वाचता वाचता दोघांच्याही एकदम लक्षात आलं. जन्मभर स्वतःच्या घरात राहिलेल्या पेन्शनराकडे घरमालकाचं पत्र नव्हतं आणि नोकरीचंही नव्हतं.

"काका, तुमच्यासाठी..." मी सुरुवात केली.

"खबरदार! मीटिंग बोलवा."

मीटिंग झाली. पेन्शनचा कागदही चालेल, असं ठरलं. कारण त्यांनी सांगितलं, मी लिहिलं : पुन्हा तीच चूक. मग त्यांनी फॉर्म पूर्ण केला. 'अडचणीत कळवायची व्यक्ती' या रकान्यात माझं नाव होतं.

"अहो काका, लेकीचं लिहा ना."

"ती बंगळुरूला असते. तिथून नळ बंद करता येत नाही."

गेल्या वर्षी ते सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडले आणि वाटेतच कोसळले, ते पुन्हा उठलेच नाहीत. दवाखान्यातून फोन आला तो मलाच. लेकीला कळवलं, तिथलं सगळं उरकलं आणि त्यांची किल्ली घेऊन घर उघडलं. आधी स्वयंपाकघरातला नळ पाहिला, मग न्हाणीतला. दोन्ही घट्ट बंद होते. मग तिथेच जमिनीवर बसले आणि पोटभर रडले.