कोपरा कापलेलं कार्ड

"फेकू नका बाई, याचं काही ना काही होते," असं म्हणत दफ्तरी खाली पडलेला कागदाचा कपटा उचलत, अंगठ्याने सरळ करत आणि टोपीच्या घडीत खोचत. शाळा सुटेपर्यंत त्यांची पांढरी टोपी चारी बाजूंनी रंगीत झालेली असे.

मुलांनो, आजीच्या कार्डांचा एक कोपरा नेहमी कापलेला का असतो, असं तुम्ही मागच्या पत्रात विचारलंत. ते या माणसामुळे. म्हणून त्यांच्याविषयी नीट लिहिते.

सत्तावन्न साली मी नागपूरहून बी.ए. होऊन पुसदला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आले. शाळेची हजेरीबुकं आणि ग्रंथालयातली खिळखिळी पुस्तकं बांधायचं काम दफ्तरींकडे होतं. व्हरांड्याच्या टोकाला त्यांची बैठक. पुठ्ठ्यावर ते अबरी चिकटवत, म्हणजे लाटांसारखी नक्षी असलेला रंगीत कागद. पुस्तकाच्या कोपऱ्यांना कापड लागे, म्हणून तिथे अबरी तिरपी कापावी लागे. चिकटवायची खळ ते स्वतः शिजवत आणि तिच्यात मोरचूद घालत. "मोरचूद घातला का उंदीर शाळा सोडते," हे नव्या शिक्षिकेला एकदा तरी ऐकावंच लागे.

मला कॉलेजातल्या बाईंनी नाताळचं एक विलायती कार्ड पाठवलं होतं. ते मी मोठ्या कौतुकाने दफ्तरींना दाखवलं. त्यांनी ते उलटंपालटं केलं, वास घेतला आणि म्हणाले की चिकटवलं चांगलं आहे, पण कागदात जीव नाही. आठ दिवसांनी माझ्या टेबलावर सहा कार्डं होती. अबरीच्या कपट्यांतल्या लाटा त्यांनी अशा जुळवल्या होत्या की एकावर मोर दिसे, एकावर पूस नदी. मी ती नागपूरच्या मैत्रिणींना पाठवली. त्यांना ती विकतची वाटली. हे सांगितल्यावर दफ्तरी दिवसभर टोपी काढून हातात घेऊन फिरत होते.

एक गोष्ट ते मला रोज विचारत. "बाई, पांढरकवड्याकडची गाडी किती वाजता येते?" वेळ त्यांना पाठ होती. तिकडच्या एका खेड्यात त्यांची एकुलती मुलगी दिली होती. बायको आधीच गेलेली. लग्नात मानपानावरून व्याह्यांशी बोलाचाली झाली आणि मुलीच्या सासूने शपथ घातली की सून पुन्हा माहेरची पायरी चढणार नाही. त्याला चार वर्षं झाली होती.

त्या संक्रांतीला मीच त्यांना म्हटलं, मुलीला कार्ड पाठवा; कार्डावर कोण रागावतं? त्यांनी साध्या पोस्टकार्डाच्या अर्ध्या भागावर अबरीचा सगळ्यांत सुंदर कपटा चिकटवला. कपट्याचा कोपरा तिरपा होता, म्हणून कार्डाचाही तेवढा कोपरा कात्रीने उतरवला. मला तो फार डौलदार वाटला. मी पत्ता लिहिला, तिळगुळाचं लिहिलं आणि खाली त्यांनी सांगितलं तसं, 'मी बरा आहे.'

आपल्याकडे मृत्यूची बातमी कळवताना पोस्टकार्डाचा कोपरा फाडून पाठवत. असं पत्र घरात नेत नसत, दारातच फाडून टाकत. हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. पण त्यांच्या हाताला कापलेला कोपरा म्हणजे पुस्तकाचा कोपरा. आणि माझ्या डोळ्यांपुढे ते विलायती कार्ड.

मुलीच्या सासूला वाचता येत नव्हतं. कोपरा पाहताच तिने कार्ड दारात फाडलं. पुसदहून आलं, एवढंच पोस्टमन सांगून गेला. पुसदला मुलीचं दुसरं होतं कोण? मरणापुढे शपथ चालत नाही. सासूने स्वतः तिची पिशवी भरली आणि मुलाला सोबत दिलं.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती रडत शाळेच्या फाटकातून आत आली. बाप कसा गेला ते विचारायला आली होती. बाप व्हरांड्यात बसून हजेरीबुक बांधत होता. ती त्यांच्या अंगावरच पडली. दफ्तरींनी दोन्ही हात वर धरले.

"थांब माय, खळ लागन लुगड्याले," ते म्हणाले. मग म्हणाले, "कायले रडून राह्यली? मी हाओ ना."

खोटी मरणवार्ता उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, असं म्हणतात. सासूने तोच धागा धरला आणि व्याह्यांचं आयुष्य आपल्या हातून वाढलं, असं गावभर सांगितलं. त्यानंतर दर संक्रांतीला दफ्तरी कार्ड करत आणि मुद्दाम कोपरा कापत. "अभद्र काहून करून राह्यले?" असं पोस्टातले लोक कुरकुरत. "आमच्या घरचा शकुन हाय तो," हे ठरलेलं उत्तर. कोपरा गेला की आठवड्यात मुलगी तिळगूळ घेऊन येई.

चौसष्टच्या थंडीत त्यांच्या छातीत कफ झाला आणि संक्रांतीच्या पाच दिवस आधी ते गेले. पुतण्याने अग्नी दिला. मुलीच्या खेड्यात तार पोचायला पत्राइतकाच वेळ लागे. तिचा पत्ता माझ्या वहीत होता, म्हणून कळवायचं माझ्याकडे आलं.

त्यांच्या बैठकीपाशी त्या वर्षीचं कार्ड पुठ्ठ्याखाली दाबून ठेवलेलं सापडलं. अबरी चिकटवून झाली होती, कोपरा कापायचा राहिला होता. मी दोन ओळी लिहिल्या. रीत म्हणून त्यांची कात्रीही उचलली. मग लक्षात आलं की कोपरा कापला तर पोर हसत तिळगूळ घेऊन येईल. कात्री ठेवून दिली आणि कार्ड तसंच टाकलं.

ती आली. बापाच्या रिकाम्या बैठकीवर बसली. मी म्हटलं, चार शब्द जास्त लिहायला हवे होते मी.

"वाचलं नाही मी, बाई," ती म्हणाली. "चारी कोपरे दिसले, अन् मी खालीच बसली."

त्यांची कात्री तिने मला दिली. अजून चांगली चालते. यंदाचं कार्ड सोबत आहे. कोपरा मी आजच कापला.